ये-जा करणारा आवाज

यंत्रांचे बिघाड दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार सरळ स्वभावाचा. यंत्र बंद पडते आणि बंदच राहते. ते उघडावे, जळलेला किंवा तुटलेला भाग पाहावा, नवा बसवावा, की काम झाले. दुसरा प्रकार मात्र फार त्रासदायक असतो. यंत्र बंद पडते, आपण त्याच्याकडे वळतो तोच ते चालू होते. कारागिराच्या दुकानात नेले की अगदी शहाण्यासारखे वागते, आणि घरी आणून चार पाहुण्यांसमोर ठेवले की पुन्हा रुसते. पहिल्या प्रकारात आपल्या ज्ञानाची परीक्षा होते. दुसऱ्या प्रकारात आपल्या धीराची आणि विचारशक्तीचीही होते.

श्रोतेहो, आज मी या दुसऱ्या प्रकारच्या एका बिघाडाविषयी बोलणार आहे, आणि उदाहरण घेणार आहे गिटारच्या ॲम्प्लिफायरचे. माझा व्यवसाय सरकारी कचेरीतला आणि माझे शिक्षण साहित्याचे. तेव्हा या विषयावर मी अधिकारवाणीने बोलावे असे नाही. तथापि जुने रेडिओ आणि ध्वनिवर्धक दुरुस्त करण्याचा छंद मला महाविद्यालयात असल्यापासून आहे, आणि रायपूरसारख्या गावात असा छंद गुप्त राहत नाही. गणेशोत्सव जवळ आला की ओळखीची आणि अनोळखी तरुण मुले हातात काही ना काही पेटारा घेऊन दारात उभी राहतात.

रायपूरचा आणि मराठी माणसाचा संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता, आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. नोकरी, वकिली आणि अध्यापन यांच्या निमित्ताने आलेली कुटुंबे तात्यापाऱ्यात आणि आसपास स्थिरावली. आज चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात त्यांचे नातू आणि पणतू कार्यक्रम करतात. पूर्वी या कार्यक्रमांना पेटी आणि तबला पुरे होत असे. आता त्यांच्या शेजारी गिटार येऊन बसली आहे, आणि गिटारच्या मागोमाग तिचा ॲम्प्लिफायर आला आहे.

गिटार आपल्याकडे विद्युतरूपाने आली ती प्रथम मुख्यतः हवाई पद्धतीची, म्हणजे आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवावयाची. अमेरिकेतही पहिली यशस्वी विद्युत् गिटार याच जातीची होती. ती १९३२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बाजारात आली. आपल्याकडे व्हॅन शिपले यांनी चित्रपटगीतांच्या तबकड्यांतून तिचा आवाज घरोघर पोहोचवला, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत वाजवून तिला मैफलीत स्थान मिळवून दिले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासह काबरांची गिटार आहे, हे अनेक श्रोत्यांना ठाऊक असेल. आता उत्सवांतून जी दिसते ती बहुधा उभी धरून वाजवण्याची गिटार. परंतु दोहोंचे तत्त्व एकच. पोलादी तार लोहचुंबकावर गुंडाळलेल्या वेटोळ्यासमोर कंप पावते, त्या वेटोळ्यात अतिशय क्षीण वीज निर्माण होते, आणि ती वीज मोठी करून स्पीकरपर्यंत नेण्याचे काम ॲम्प्लिफायर करतो.

ही वीज किती क्षीण असते? साधारणपणे व्होल्टच्या काही दशांशांइतकी. तिचा प्रवास मात्र लांबचा असतो. गिटारमधील वेटोळ्यापासून तिचा स्वतःचा व्हॉल्यूम कंट्रोल, तेथून जॅक, मग वायर, मग ॲम्प्लिफायरचा जॅक, मग पहिला व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर, मग उंच आणि खर्ज सूर कमीअधिक करणारी बटणे, मग शक्ती देणारा शेवटचा भाग, ट्रान्सफॉर्मर असल्यास तो, आणि अखेरीस स्पीकर. या वाटेवर दहावीस ठिकाणी धातूला धातू केवळ टेकलेला असतो. कोठे खिळी पट्टीला टेकते, कोठे व्हॉल्व्हचा पाय त्याच्या खोबणीला, कोठे वायर सोल्डरच्या थेंबाला. गिटारचा तो पाव इंची प्लग मूळचा टेलिफोन एक्स्चेंजमधला आहे. एका ग्राहकाची तार दुसऱ्याशी जोडण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो तयार झाला. शंभरांहून अधिक वर्षांनंतरही जोडण्याचा तोच प्रकार आपण वापरतो, हा त्याचा मोठेपणा आहे. परंतु टेकणारी वस्तू कधीतरी सुटणार, हेही तितकेच खरे.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवावयाची ती ही, की ये-जा करणारा बिघाड बहुधा एखाद्या सांध्यात असतो. व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर एकदा जळला, की तो बहुधा कायमचा गेला. पण सांधा मात्र सुटतो आणि पुन्हा जुळतो. त्याला सोडवणारे शत्रू चार: धूळ, ओल, उष्णता आणि हादरे. आमच्या रायपुरात या चौघांचीही वस्ती आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपलीकडे सहज जातो आणि धूळ प्रत्येक फटीत शिरते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओलसर राहते आणि धातूच्या टोकांवर नकळत काळपट थर चढतो. उत्सवाचे दिवसही नेमके भाद्रपदातलेच. हादऱ्यांचे म्हणाल, तर आज दुर्ग, उद्या राजनांदगाव, परवा धमतरी असा छोट्या मालगाडीच्या हौद्यातून प्रवास करणाऱ्या पेटाऱ्याला त्यांची वाण नसते. शिवाय ज्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकर त्याच पेटीत बसवलेला असतो, तो स्वतःच्याच आवाजाने रोज हादरत असतो. आपल्याच आवाजाने आपलेच टाके सैल करणारे हे यंत्र आहे.

आता दुसरी गोष्ट. आवाज गेला की आपण सगळेच काय करतो? पेटीवर थाप मारतो. घराघरांत व्हॉल्व्हचे रेडिओ होते तेव्हापासून ही विद्या आपल्या अंगवळणी पडली आहे, आणि ती निष्फळही नसते. थाप बसली की आवाज पुष्कळदा परत येतो. येथेच आपली फसगत होते. आवाज परत आला म्हणजे बिघाड गेला, असे आपण मानतो. वस्तुतः थापेने एवढेच सांगितले, की आत कोठेतरी काहीतरी हलते आहे. थाप हा पुरावा आहे. तिला औषध समजू नये. आणि पुरावा म्हणून ती वापरावयाची, तर सगळ्या पेटीवर जोराने हात मारण्यापेक्षा बाहेरून एकेका जागी हलकेच टिचकी मारून पाहावे. ज्या जागी सर्वांत हलक्या टिचकीने आवाज जातो किंवा येतो, तिच्या जवळपास दोष आहे असे धरून चालावे.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणजे आवाज जातो तेव्हा नीट ऐकणे. आवाज नसताना काय ऐकावयाचे, असे कोणी विचारील. परंतु शांततेचेही प्रकार असतात. चालू ॲम्प्लिफायरमधून गिटार न वाजवताही एक बारीक सुस्कारा ऐकू येत असतो. गिटारचा आवाज गेला पण हा सुस्कारा तसाच राहिला, तर शेवटचा भाग आणि स्पीकर यांचे काम चालू आहे. दोष त्यांच्या अलीकडे, गिटारच्या बाजूला आहे. सुस्काराही नाहीसा झाला, पूर्ण स्तब्धता पसरली, तर दोष पलीकडे, शेवटच्या भागात, स्पीकरमध्ये किंवा त्यांना मिळणाऱ्या विजेत आहे. आवाज जाऊन त्याऐवजी मोठी गुणगुण सुरू झाली, तर वायरीवरील जाळीचे वेष्टण तुटले असण्याचा संभव आहे. कारण बाहेरच्या विजेचा उपद्रव थोपवण्याचे काम ते वेष्टण करते. हळू वाजवलेले सूर नाहीसे होतात पण तारा जोराने छेडल्या की आवाज एकदम परत येतो, असे घडले, तर एखाद्या सांध्यावर काळपट थर साचला आहे असे समजावे. क्षीण वीज त्या थरापाशी अडते आणि जोराची वीज तो फोडून पुढे जाते. आणि सुरुवातीला सगळे ठीक असून वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज जात असेल, तर उष्णतेने प्रसरण पावून सुटणारा सांधा किंवा अती तापल्यावर यंत्र स्वतः बंद करणारी संरक्षक व्यवस्था, यांपैकी एकाकडे पाहावे. एवढी माहिती पेटीचा एकही स्क्रू न काढता मिळते.

यानंतरची पद्धत निम्मे-निम्मे करण्याची. वाटेवर वीस सांधे आहेत म्हणून वीस तपासण्या कराव्या लागत नाहीत. मधोमध एक जागा निवडावी आणि दोष अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच ठरवावे. मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. चार-पाच प्रश्नांत आपण दोषाच्या दारापाशी पोहोचतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. घाईघाईने वायरही बदलली, गिटारही बदलली आणि बटणेही फिरवली, तर आवाज कशाने आला हे कधीच कळत नाही, आणि जे कळले नाही ते पुन्हा उद्भवते.

आरंभ नेहमी सोप्या आणि स्वस्त वस्तूंपासून करावा. सर्वांत प्रथम वायर. ती प्लगच्या मानेपाशी वाकून वाकून आतून तुटते आणि वरून धडधाकट दिसते. खात्रीची दुसरी वायर लावून पाहावी. मग दुसरी गिटार लावावी. गिटारवरील जॅकची चक्की सैल होऊन आतला जॅक फिरत राहतो आणि त्याच्या तारा पिळवटून तुटतात, हे वारंवार आढळते. पायाने दाबावयाची परिणाम-यंत्रे मध्ये असतील तर ती सगळी काढून गिटार थेट ॲम्प्लिफायरला जोडावी; त्यातील दुबळी बॅटरी किंवा एखादी तोकडी जोडवायरच पुष्कळदा अपराधी निघते. बटण फिरवताना खरखर होत असेल, तर आत धूळ आहे. यासाठी मिळणारे कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून यंत्र बंद असताना बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. खोबरेल तेल किंवा रॉकेल यांचा प्रयोग करू नये; तेलावर धूळ अधिकच चिकटते. स्पीकरची शंका असेल, तर ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा सोडवाव्यात आणि टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर त्याच्या दोन टोकांना टेकवावा. स्पीकर ठीक असेल तर ‘टक्’ असा आवाज येतो आणि कागदी शंकू किंचित हलतो. तारा हळूच हलवत हाच प्रयोग पुन्हा केला, की सुटलेले टोक सापडते. एक सावधगिरी मात्र हवी: व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधीही चालवू नये, त्यामुळे त्याचा ट्रान्सफॉर्मर निकामी होण्याची भीती असते.

या पद्धतीचे एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. आमच्या भागातील चार तरुणांचा एक वाद्यवृंद आहे. लग्नसमारंभ आणि उत्सव यांतून मिळणाऱ्या बिदागीवर त्यांच्यापैकी दोघांचे शिक्षण चालते. त्यांचा व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर मध्येच मुका होऊ लागला. एका कार्यक्रमात भावगीताच्या अंतऱ्यावर गिटार बंद पडली आणि आयोजकांनी बिदागी कापून घेतली. मुलांनी पेटी एका दुकानात नेली. तेथे ती दिवसभर उत्तम वाजली. “साहब, यहाँ तो बढ़िया बज रहा है,” असे सांगून दुकानदाराने ती परत केली. दुसऱ्यांदा नेली तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा शेवटच्या भागाचे दोन्ही व्हॉल्व्ह बदलण्यात आले. या मुलांना ती रक्कम मोठी होती. आठवड्याने आवाज पुन्हा गेला.

माझ्याकडे पेटी आली तेव्हा मी ती उघडली नाही. गिटार वाजवणाऱ्या मुलाला एक वही दिली आणि सांगितले, की आवाज जाईल तेव्हा वेळ, हवा, काय वाजत होते आणि आवाज कशाने परत आला, एवढे लिहून ठेव. पंधरा दिवसांत सात नोंदी झाल्या. त्यांपैकी सहा पावसाळी संध्याकाळच्या होत्या. सातही वेळा हळुवार वादन चालू होते, आणि बहुतेक वेळा तारा जोराने छेडताच आवाज परत आला होता. बारीक सुस्कारा मात्र एकदाही थांबला नव्हता. म्हणजे शेवटचा भाग शाबूत होता, आणि बदललेले व्हॉल्व्ह निष्कारण बदलले गेले होते.

पुढच्या पावसाळी रविवारी आवाज गेला त्या क्षणी आम्ही तपासणी केली. या ॲम्प्लिफायरच्या मागे दोन जॅक होते. एकातून पहिल्या भागाचा आवाज बाहेर काढता येतो आणि दुसऱ्यातून तो शेवटच्या भागात परत घालता येतो. मध्ये एखादे प्रतिध्वनीचे यंत्र जोडावयाचे असल्यास ही सोय उपयोगी पडते. आम्ही पहिल्या जॅकमधून वायर काढून दुसऱ्या ॲम्प्लिफायरला लावली. तेथे गिटार स्वच्छ वाजली. म्हणजे पहिला भाग निर्दोष. शेवटच्या भागाची साक्ष त्या सुस्काऱ्याने आधीच दिली होती. दोन्ही अर्धे निरोगी, आणि तरी संपूर्ण यंत्र आजारी! ज्यांनी सरकारी कचेरीत काही वर्षे काढली आहेत त्यांना हा चमत्कार अपरिचित नाही. दोन्ही खाती आपापले काम चोख करतात, आणि कागद मात्र दोघांच्या मधल्या जिन्यात हरवतो.

येथेही तसेच झाले होते. त्या परतीच्या जॅकमध्ये काहीही खुपसलेले नसते तेव्हा आतली एक लवचीक धातूची पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकते आणि दोन भागांना जोडते. प्लग घातला की ती पट्टी उचलली जाते. या मुलांनी ते जॅक कधीच वापरले नव्हते. इतर सगळे जॅक रोजच्या वापराने घासले जाऊन स्वच्छ राहिले. हा एक सांधा वर्षानुवर्षे न हलता बसून राहिला आणि काळवंडला. आपण ज्या दाराने कधी जात नाही, त्याच दारातून आपला सगळा आवाज जात होता.

परंतु अनुमान म्हणजे सिद्धता नव्हे. अशा जॅकमध्ये प्लग नुसता घालून काढला तरी पट्टी घासली जाते आणि आवाज तात्पुरता परत येतो. त्यावर विसंबणे म्हणजे पुन्हा थापेवर विसंबणेच होय. म्हणून आम्ही दोन जॅकांमध्ये एक वीतभर वायर जोडून ठेवली. त्यामुळे ती पट्टी वाटेतून बाजूला झाली. गणेशोत्सवाचे दहाही दिवस आवाज एकदाही गेला नाही. विसर्जनानंतर वायर काढली, आणि दुसऱ्याच ओलसर संध्याकाळी आवाज गेला. वायर पुन्हा लावली, आवाज आला. आता दोष आमच्या आज्ञेत आला होता. हवा तेव्हा आणता येत होता, हवा तेव्हा घालवता येत होता. ये-जा करणारा दोष सापडला असे याच अवस्थेत म्हणता येते. मग तो जॅक एका जाणत्या कारागिराकडून बदलून घेतला. त्या जॅकची किंमत दोन-चार कप चहाइतकी होती.

प्रत्येक वेळी दोष इतका बाहेर सापडेल असे नाही. व्हॉल्व्हचे पाय खोबणीत सैल झालेले असतात. छापील पट्टीवर जॅकच्या किंवा जड भागांच्या पायांभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर गेलेली असते, ज्याला आमचे कारागीर ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरला जोडणाऱ्या रिलेचे आतले टोक काळवंडलेले असते. हे शोधण्यासाठी पेटी उघडून, ती चालू असताना कोरड्या बांबूच्या काडीने एकेक भाग हळुवार दाबून पाहतात. शिसपेन्सिल वापरू नये. तिच्यातील शिसे म्हणजे ग्रॅफाइट, आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. अर्थात हे काम जाणत्याचेच आहे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तीनशे ते पाचशे व्होल्ट खेळत असतात, आणि प्लग भिंतीतून काढल्यानंतरही आतले कपॅसिटर ही वीज काही काळ साठवून ठेवतात. बंद पेटीही प्राणघातक होऊ शकते. ज्याला ही साठवलेली वीज सुरक्षितपणे उतरवता येत नाही, त्याने पेटीचे झाकण काढू नये.

यापेक्षाही गंभीर अशी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आवाज ये-जा करू लागला, गुणगुण वाढली, की मांडवातील कोणीतरी अनुभवी समजला जाणारा गृहस्थ सल्ला देतो, की प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाका, म्हणजे गुणगुण थांबेल. गुणगुण कधीकधी थांबतेही. परंतु ती जाड पिन अर्थिंगची असते. आतील एखादी तार सुटून धातूच्या सांगाड्याला लागली, तर ती वीज जमिनीत नेण्याचा मार्ग या पिनेतून जातो. गिटारच्या तारा सामान्यतः या सांगाड्यालाच जोडलेल्या असतात. म्हणजे वादकाच्या बोटांचा सांगाड्याशी अखंड संबंध असतो, आणि गाताना त्याचे ओठ मायक्रोफोनला लागतात. दोहोंपैकी एकाचे अर्थिंग नसले आणि त्यात वीज उतरली, तर तिचा मार्ग वादकाच्या छातीतून जातो. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा तरुण गिटारवादक लेस हार्वे भर मंचावर असाच मृत्यू पावला; हातात गिटार असताना त्याने अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श केला होता. आपल्याकडील उत्सवाचा मांडव भाद्रपदातला, पायाखाली ओली माती, आणि वीज कोठून तरी ओढून आणलेली. यास्तव जाड पिन कधीही काढू नये, मांडवाच्या विजेवर तीस मिलिॲम्पियरला तुटणारे संरक्षक बटण बसवून घ्यावे, आणि कार्यक्रमापूर्वी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याची एक काडी गिटारच्या तारेला आणि दुसरी मायक्रोफोनच्या जाळीला लावून पाहावी. तेथे काही व्होल्टांहून अधिक आकडा दिसला, तर कार्यक्रम थांबवावा. अध्यक्ष आले असले तरी थांबवावा.

अखेरीस दोन शब्द कारागिरांविषयी. आपल्या गावोगावच्या दुकानांत बसलेल्या कारागिरांना मी दोष देत नाही. गिऱ्हाईक पेटी ठेवून जाते आणि म्हणते, “कधी वाजतो, कधी वाजत नाही.” यातून कारागिराने काय समजावे? पेटी समोर वाजत असताना तिच्यापाशी चार तास बसण्याचा मोबदला त्याला कोणी देत नाही. बदललेल्या भागाचे पैसे आपण मुकाट्याने देतो. शोधण्यात गेलेल्या वेळेचे पैसे मागितले की आपल्याला ती लूट वाटते. मग तो भाग बदलतो, यात नवल ते काय? आपण त्याला वही दाखवावी, सुस्कारा राहतो की जातो ते सांगावे, पावसाचा आणि उष्णतेचा संबंध सांगावा, आपली स्वतःची वायर आणि गिटार पेटीसोबत द्यावी, आणि शोधण्याची मजुरी आधीच कबूल करावी. असे केले तर तोच कारागीर वेगळा वागतो, हा माझा अनुभव आहे.

ही रीत ॲम्प्लिफायरपुरती मर्यादित नाही. घरातला पंखा, शेतावरचा पंप, कचेरीतली तक्रार, सर्वत्र असे दोष असतात जे आपण लक्ष देताच लपतात आणि पाठ वळताच परत येतात. तक्रार करणारा गप्प झाला, की तक्रार मिटली असे शेरे मारण्याचा मोह आम्हा नोकरवर्गाला फार होतो. अशा वेळी मला तो सुस्कारा आठवतो. दोष कोठे आहे हे दाखवता येत नाही, तोवर कागद मिटवू नये आणि पेटीचे स्क्रूही आवळू नयेत. त्या चार मुलांची वही अजून चालू आहे. गेल्या वर्षभरात तिच्यात एकही नोंद झालेली नाही, आणि कापलेल्या बिदागीची भरपाई त्यांनी पुढच्याच उत्सवात करून घेतली.